नाव कमी करून घ्यायचं राहिलंय

नोंद चढवायची असली की सगळ्यांना घाई असते. कर्ज मंजूर झालं, तरी बोजा चढल्याचा सातबारा हातात पडेपर्यंत बँक पैसे सोडायला नाखूश असते. कर्जावरची गाडी शोरूममधून निघते ती आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव घेऊनच. दुकान उघडलं की जीएसटी नंबर लागतो, लग्न झालं की सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवायचं असतं. पुढं कर्ज फिटतं, गाडी विकली जाते, दुकान बंद पडतं, घरातलं माणूस जातं. नोंद मात्र होती तिथंच बसून राहते, आणि ती उतरवण्याची घाई कुणालाच नसते. बँकेचे पैसे आलेले असतात, तलाठ्याकडं कुणी अर्ज केलेला नसतो, आणि आपण फिटलं म्हणजे संपलं असं धरून चालतो.

सरकारी दप्तरातून आपोआप फारसं काही कमी होत नाही. चढवलेलं उतरवायला वेगळा अर्ज लागतो, वेगळा कागद लागतो, आणि मागं लागणारं एक माणूस लागतं. हे काम गरज पडायच्या आधी करावं. जमिनीचा सौदा ठरलाय, इसार घेतलाय, आणि मग आजोबांच्या नावचा चाळीस वर्षांपूर्वीचा बोजा दिसला, तर समोरचा माणूस भाव पाडतो किंवा सरळ उठून जातो.

सुरुवात सातबाऱ्यापासून करू, कारण सगळ्यात चिवट नोंदी तिथं असतात. उतारा हातात आला की आपण नाव आणि क्षेत्र बघतो आणि घडी घालतो. वाचायचा असतो तो उजवीकडचा रकाना: कुळ, खंड व इतर अधिकार. बोलताना सगळे त्याला ‘इतर हक्क’ म्हणतात. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, तगाई (जुनं सरकारी कर्ज), बंडिंग (बांधबंदिस्तीचा खर्च), कुठं विहिरीतला हिस्सा, कुठं पाइपलाइनचा हक्क, सगळं तिथं एकाखाली एक लिहिलेलं असतं. त्यातलं काय जिवंत आहे आणि काय मेलेलं, हे उतारा सांगत नाही. समजा एका ओळीत सोसायटीचा बाराशे रुपयांचा बोजा आहे. रक्कम बघून हसू येतं, पण खरेदीच्या वेळी वकील ती ओळ बघतोच. सोसायटीचं पीककर्ज घेताना सभासद आपल्या जमिनीवर बोजा निर्माण करून देतो. त्यालाच इकरार म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ मध्ये त्याची तरतूद आहे. तो बोजा असताना जमीन परस्पर विकता येत नाही. त्यामुळं बाराशे असोत की बारा लाख, अडवणूक सारखीच.

अशा ओळीच्या शेवटी फेरफाराचा क्रमांक असतो. तोच खरा धागा. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधला उतारा काढा. कर्ज कुणाचं, किती, कोणत्या गटावर आणि कधीचं, हे तिथं कळतं. जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत आणि महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर शोधता येतात. तिथं सापडला नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा.

मग सोसायटीत किंवा बँकेत जायचं. इथं बरेच जण अर्धं काम करून परततात. ‘कर्ज निरंक आहे’ असा दाखला मिळाला की त्यांना वाटतं झालं. निरंक दाखला तुमच्यासाठी असतो. तलाठ्यासाठी वेगळं पत्र लागतं: गावाचं नाव, गट नंबर, खातेदाराचं नाव, बोज्याची रक्कम आणि ज्या फेरफारानं बोजा चढला त्याचा क्रमांक घालून, ‘सदर बोजा कमी करण्यास हरकत नाही’ असं लिहिलेलं, शिक्का आणि जावक क्रमांकासह. दोन्ही कागद एकाच फेरीत मागून घ्या. पत्रात गट नंबर एका आकड्यानं चुकला तरी सगळी फेरी पुन्हा करावी लागते, म्हणून खिडकीपाशी उभं राहूनच वाचा. कर्ज देणारी संस्थाच बंद पडली असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात चौकशी करावी. संस्था अवसायनात असली तर अवसायक कोण ते तिथं कळतं, विलीन झाली असली तर कुणात तेही कळतं.

अर्ज आता घरबसल्या करता येतो. राज्याच्या ‘ई-हक्क’ प्रणालीत बोजा चढवणं आणि बोजा कमी करणं असे दोन वेगळे पर्याय आहेत. त्याच यादीत आणखी काही कमी करण्याचे प्रकार आहेत, आणि त्यातले दोन बऱ्याच कुटुंबांना लागू पडतात. पहिला ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या काळी जमीन सगळ्या भावांची असली तरी नाव थोरल्याचं लागे आणि पुढं ‘एकुमॅ’ असा शेरा येई. हा शेरा कमी झाला की बाकीच्या हिस्सेदारांची नावं उताऱ्यावर येतात. दुसरा ‘अपाक’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असताना आईचं किंवा चुलत्याचं नाव पालक म्हणून लागतं. तो वारस पुढं मोठा होतो, त्याची पोरं कॉलेजात जातात, आणि सातबाऱ्यावर तो अजून अज्ञानच असतो. वयाचा पुरावा जोडून हा शेरा काढता येतो.

अर्ज आला की तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार धरतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणं नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. फेरफार धरला आणि फेरफार मंजूर झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नोंद घातलीय’ एवढं ऐकून गावाकडून पुण्या-मुंबईला परतू नका. मंजूर झाल्यावर डिजिटल सहीचा उतारा काढा, पंधरा रुपये पडतात, आणि ती ओळ गेली का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हाताच्या उताऱ्याच्या काळात कमी केलेल्या नावाला तलाठी कंस करत. जुना उतारा बघताना कंसातलं नाव म्हणजे आजचा मालक नव्हे, हे ध्यानात असू द्या. खेडेगावात या कंसावरून भांडणं झालेली आहेत.

संगणकीकरणात चूक झाली असेल तर वाट वेगळी. बोजा पूर्वीच कमी झालाय, जुन्या हस्तलिखित उताऱ्यात तसा फेरफार आहे, पण संगणकाच्या उताऱ्यावर ओळ तशीच उतरली, अशी प्रकरणं खूप आहेत. इथं बँकेचं नवं पत्र आणायची गरज नाही. हा लेखनप्रमाद आहे आणि तो कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशानं दुरुस्त होतो. अर्जासोबत जुन्या उताऱ्याची आणि फेरफाराची नक्कल जोडावी.

२०२५ साली राज्यानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ही कल्पना पुढं राज्यभर नेली गेली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, हा तिचा पहिला भाग. नंतर तगाई, बंडिंग, सावकारी अशा कालबाह्य नोंदीही त्यात घेतल्या. दप्तरात अशा नोंदींना ‘पोकळीस्त’ म्हणतात. मोहिमेत आपला उतारा आपोआप साफ झाला असेल असं धरून बसू नका. ऑनलाइन उतारा फुकट दिसतो, तो उघडून बघा.

मयताचं नाव कमी करण्यात मात्र एक धोका आहे. मयताचं नाव कमी होतं त्याच फेरफारात वारसांची नावं लागतात, आणि नेमक्या तिथंच बहिणी गळतात. ‘ताईनं काही मागितलं नाही, तिला कशाला बोलवायचं’ असं म्हणत वारसांच्या यादीतून मुलीचं नाव वगळलं जातं. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं हिस्सेदार झाली, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव वारस म्हणून लागतं, आणि मग नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं ते कमी होतं. साध्या कागदावरचं ‘माझी हरकत नाही’ पुरत नाही. बहिणींनीही एवढं करावं: माहेरच्या गावाची फेरफार नोटीस ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर बघता येते, तिच्यावर अधूनमधून नजर टाकावी. पंधरा दिवसांत हरकत दिली तर नोंद तक्रारी ठरते आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यावं लागतं. मुदत हुकली आणि नोंद मंजूर झाली, तर प्रांताकडं अपील करायचं, त्याला साठ दिवस असतात.

गाडीच्या बाबतीत लोक जमिनीपेक्षा बेफिकीर असतात, आणि धोका मोठा असतो. कर्ज फिटलं की बँक एनओसी आणि सही केलेले फॉर्म ३५ देते. ते घेऊन आरटीओत एचपी, म्हणजे आरसीवरची कर्ज देणाऱ्याची नोंद, उतरवून घ्यायची. एनओसीवर मुदत लिहिलेली असते. ती संपली की बँकेत पुन्हा हेलपाटा, म्हणून कागद कपाटात ठेवून देऊ नका. आरसी साफ झाली की विमा कंपनीलाही कळवा. पॉलिसीवर बँकेचं नाव राहिलं, तर मोठ्या दाव्याचे पैसे अडकतात.

गाडी विकताना तर आणखी जपायला हवं. पैसे मिळाले, चावी दिली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे कागद एजंटाच्या हातात दिले, आणि झालं, असं आपल्याकडं सर्रास चालतं. पुढं ती गाडी दोन-तीन हात फिरते. अपघात झाला तर? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं याचं उत्तर दिलं. त्यात गाडी अशीच एकाकडून दुसऱ्याकडं गेलेली होती आणि आरटीओच्या दप्तरात नाव पहिल्याच मालकाचं होतं. कायद्याच्या लेखी मालक तोच, भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निकाल लागला. गाडी कधीच विकली हा बचाव चालला नाही.

तेव्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणं, राज्यातल्या राज्यात विकलेल्या गाडीची खबर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. फॉर्म त्यासाठीच आहेत, ते कोरे देण्यासाठी नाहीत. घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि चावी दिल्याची वेळ लिहून त्याची सही घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, आणि परिवहनच्या साइटवर नाव बदललं का ते गाडीचा नंबर टाकून पाहत राहा. वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का ते विचारा. अधिकृत डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याची खबर देण्यासाठी फॉर्म २९सी आहे. तो भरून घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. भंगारात दिलेल्या गाडीचीही नोंदणी रद्द करायची असते. भंगारवाल्याची पावती म्हणजे नोंदणी रद्द नव्हे.

घराच्या कर्जात काम तुलनेनं सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणं वैयक्तिक कर्ज (घरकर्ज त्यात आलं) पुरतं फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि कुठल्याही नोंदवहीत चढवलेला बोजा उतरवायचा, ही जबाबदारी कर्ज देणाऱ्याची आहे. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. उशीर बँकेमुळं झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर नकला काढायला बँकेनं मदत करायची आणि खर्चही सोसायचा, त्यासाठी आणखी तीस दिवस मिळतात. शाखेत गेल्यावर या तारखेचा उल्लेख केला की बोलण्याचा सूर बदलतो, असा अनेकांचा अनुभव आहे. शेवटचा हप्ता भरल्याची तारीख असलेलं पत्र तेवढं लेखी घ्या, तीस दिवस तिथूनच मोजायचे. सेरसाईच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतून बोजा गेला का हे बँकेला विचारा, आणि गृहनिर्माण संस्थेला वेगळं पत्र द्या. संस्थेच्या दप्तरात तुमच्या शेअर सर्टिफिकेटवर बँकेचा हक्क लिहिलेला असतो, आणि तो काढा असं सेक्रेटरीला कुणी सांगत नाही.

याच जोडीला क्रेडिट रिपोर्ट मागवावा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. फिटलेलं कर्ज ‘क्लोज्ड’ दिसलं पाहिजे. ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ दिसत असेल आणि तुम्ही पै न पै भरली असेल, तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. बँक ‘सेटलमेंट करून टाका, थोडी सूट देतो’ म्हणते तेव्हा तो शब्द पुढं तुमच्या रिपोर्टवर येणार आहे, हे माहीत असू द्या.

घरातलं माणूस गेल्यावर करायच्या कामांत क्रम चुकला की घोळ होतो. दुःखाच्या दिवसांत कुणी तरी उत्साही नातेवाईक सगळं बंद करत सुटतो. आधी मृत्यूची नोंद, ती एकवीस दिवसांत झाली पाहिजे, आणि दाखल्याच्या भरपूर प्रती. पेन्शन चालू असेल तर ताबडतोब कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन बँक परत घेतेच, आणि तोवर ती खर्च झाली तर वारसांची पंचाईत होते. पॅन मात्र शेवटी. गेलेल्या माणसाचं त्या वर्षाचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं, परतावा यायचा असतो, कुठून तरी लाभांश येत असतो. हे सगळं मिटेपर्यंत बँक खातंही घाईनं बंद करू नका. आधारसाठी २०२५ पासून मायआधार पोर्टलवर कुटुंबातल्या व्यक्तीचा मृत्यू कळवण्याची सोय आहे. मतदार यादीतून नाव काढायला फॉर्म ७. वीजबिलावरचं नाव, रेशनकार्ड, गॅस ही कामं त्यामानानं किरकोळ. घर किंवा जमीन वाटून घ्यायच्या आत मात्र ती उरकावीत, कारण एकदा भावाभावांत बिनसलं की साध्या संमतीपत्रावरही सही मिळत नाही.

लग्न झालेल्या मुलीला दोन गोष्टी पाहाव्या लागतात. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याशिवाय सासरच्या कार्डावर चढत नाही. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि त्यासाठी अर्जात खोटं लिहिलं तर शिक्षेची तरतूद आहे. शिक्षणा-नोकरीसाठी गाव सोडलेल्यांनाही हे लागू आहे. गावच्या ग्रामपंचायतीसाठी एक आणि शहरात एक, अशी हौस पुष्कळांना असते.

धंदा बंद केलेल्यांचा खिसा सगळ्यात जास्त कापला जातो. शटर ओढलं, भाड्याची जागा सोडली, म्हणून जीएसटी नंबर बंद होत नाही. तो जिवंत असेपर्यंत शून्य उलाढालीचंही विवरणपत्र भरायचं असतं, आणि चुकलं की दिवसाला वीस रुपयांप्रमाणं विलंब शुल्क साचत जातं. रद्द करण्याचा अर्ज वेगळा, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र वेगळं. पहिलं केलेल्यांतले कित्येक जण दुसरं विसरतात. महाराष्ट्रात याच्या जोडीला प्रोफेशन टॅक्स असतो. त्याचा स्वतःच्या नावचा नंबर रद्द केला नाही तर वर्षाला अडीच हजार रुपये आणि त्यावर व्याज अशी थकबाकी चढत राहते, आणि काही वर्षांनी एकदम नोटीस येते. सनदी लेखापालाला ‘धंदा बंद केला’ एवढंच सांगू नका. कोणकोणत्या नोंदण्या माझ्या नावावर आहेत, त्यांची यादी करून द्या, असं म्हणा.

मोबाइल नंबर बदलणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. बंद केलेला नंबर किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्याला दिला जातो. तो तुमच्या बँकेला, आधारला किंवा डीमॅटला जोडलेला राहिला असेल, तर तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. म्हणून आधी नवा नंबर सगळीकडं लावून घ्या, मगच जुनं सिम बंद करा. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. तिथं ‘हा माझा नंबर नाही’ किंवा ‘हा आता नको’ असं कळवून ते बंद करता येतात. शेजाऱ्याला काढून दिलेलं सिम आणि दुकानदारानं आपल्या कागदांवर परस्पर काढलेलं सिम, दोन्ही त्या यादीत सापडतात.

उतरवलेल्या प्रत्येक नोंदीचा पुरावा एका फायलीत राहू द्या: मंजूर फेरफार, बँकेचं पत्र, एचपी गेल्याची आरसी, जीएसटी रद्द झाल्याचा आदेश. बाकीची रद्दी खुशाल द्या, पण सही आणि आधार-पॅनच्या प्रती असलेले कागद फाडून मगच. आणि उतरवल्यावर महिनाभरानं उतारा, आरसी किंवा रिपोर्ट पुन्हा एकदा काढून बघा, कारण संगणकात एका ठिकाणी गेलेली ओळ दुसऱ्या ठिकाणी राहिलेली असते.